कोकिळाबाईंचा गुलाबी

"हा गुलाबी नको, काका. हा ओरडतो."

अर्पितानं बोट ठेवलेल्या सॅटिनकडे कारभारींनी पाहिलं. चाळीस वर्षं मांडव घालणाऱ्या माणसाला ही तक्रार नवी होती. त्यांच्या मते ओरडणं हेच त्या कापडाचं काम होतं.

"पोरी, मांडव फाट्यावून दिसला पाह्यजे. नाई त पाव्हणे दुसऱ्याच्याच लग्नात जेवतेत, अन् आहेरही तिकडंच देऊन येतेत."

अर्पिता हसली, पण मोबाइल पुढे केलाच. जानेफळच्या रंगरावांची ही नात पुण्याला नोकरी करायची, आणि लग्न मात्र तिला आजोबांच्या मळ्यातच हवं होतं. फक्त फ्रेंच पद्धतीचं. फोटोत फ्रान्समधलं कुठलंसं शेत होतं, लांबच लांब टेबलं होती आणि सगळे रंग मवाळ: फिका गुलाबी, राखाडी हिरवा, सायीसारखा पांढरा. कापडाला बारीक चुण्या, कडेला नाजूक जाळी.

कारभारींनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो जवळून बघितला.

"गरीब लोकं दिसतेत बिचारे."

"बाबा!" प्रज्वल मागून ओरडला. हा त्यांचा मुलगा. त्यानं चिखलीच्या दुकानावरची 'कारभारी बिछायत केंद्र' ही पाटी उतरवून 'प्रज्वल इव्हेंट्स' लावली होती. सतरंज्या त्याच होत्या.

काम घेतलं, पण रंग मिळेना. बाजारात विटका गुलाबी मागितला तर कापडवाल्याला तो अपमान वाटला. मग प्रज्वलनं मोबाइलवर वाचलं, की कापड चहात उकळलं की जुनं दिसतं. कारभारींनी स्टँडवरच्या हॉटेलात दोन पातेली चहा सांगितला, दूध न घालता. साखरेचं कोणी बोललंच नाही, म्हणून हॉटेलवाल्यानं ती सवयीनं घातली. कापडाला रंग सुरेख आला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाच्या दारापासून त्या कापडापर्यंत मुंग्यांची वरात लागलेली होती. वऱ्हाड शिस्तीत होतं, एवढंच समाधान.

"साधं पांढरंच लावू," प्रज्वल म्हणाला.

पण त्याच दुपारी रंगरावांचा फोन आला. "पांढरा मांडव घालून राह्यला म्हणे तू? अबे, मी जित्ता हाओ अजून!"

लग्नाला चार दिवस उरले होते. प्रज्वल भीतभीत म्हणाला, "आईच्या पेटीतल्या झालरी..."

"त्या निंघत नाईत."

प्रज्वलच्या आईनं, कोकिळाबाईंनी, त्या मलमलच्या झालरी पायमशीनवर शिवल्या होत्या, कडेची जाळी हातानं विणली होती. तेव्हा त्यांचा गुलाबी खरोखर फाट्यावरून दिसायचा. बाईंचा एकच नियम होता: न धुता झालर पेटीत जायची नाही. प्रत्येक लग्नानंतर त्या स्वतः धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, आणि घडी घालताना नवऱ्याला हात लावू द्यायच्या नाहीत. धुता धुता कापड कांद्याच्या पापुद्र्यासारखं झालं. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या, तेव्हापासून पेटी बंद होती.

"आता एक धुणंही सोसायची नाई थे," कारभारी म्हणाले. "लावली का मळन. मळली का धुवा लागन. अन् धुतली का संपली."

संध्याकाळी प्रज्वल गोदामात आला तेव्हा पेटी उघडी होती आणि बाप एक झालर उजेडात धरून उभा होता.

ती बघायला दुसऱ्या दिवशी अर्पिता आली. खाली बसली आणि दोन बोटांनी जाळी चाचपत राहिली. मोबाइल काढायचंही विसरली.

"काका, हा रंग आणला कुठून?"

"आणला नाई माय. सारा निंघून गेला, अन् हा राह्यला."

लग्नाच्या सकाळी मांडवावर जांभळीचे डहाळे पडले, आणि त्यांच्याखाली तो फिका गुलाबी वाऱ्यावर हलू लागला. फ्रान्समधल्या त्या लोकांनी बघितलं असतं तर त्यांनाही आपल्याकडे कारभारी नसल्याचं वाईट वाटलं असतं.

ऐंशीचे रंगराव काठी टेकत खोड काढायला आले. मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

"हे कोकिळाबाईचं काम."

"हो, आबा," कारभारी म्हणाले.

"आमच्या पोरीच्या, राखीच्या लग्नात हीच झालर होती. तीस वर्सं झाली. मी म्हटलं होतं, बाई, लय भडक हाये वो, डोयात खुपते. तं थे म्हणे, थांबा आबा, धुता धुता रंग बसन." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "बसला ना बे आता."

कारभारींनी शेजारच्या खांबाची दोरी, जी मुळीच सैल नव्हती, ती सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली.

लग्न लागलं. निघताना अर्पिता मांडवाच्या दारात थांबली, मागे वळून पाहिलं, आणि तोल सावरायला म्हणा किंवा कशाला म्हणा, तिनं झालर मुठीत धरली. हात हळदीचे होते.

दुसऱ्या दिवशी गोदामात कारभारी एकेक झालर घडी करत होते. बायकोला चोरून बघून शिकलेली घडी चौथ्या खेपेला जमली. शेवटच्या झालरीवर चार बोटं पिवळी उमटलेली होती.

"बाबा, डाग हाये," प्रज्वल म्हणाला. "गार पाण्यात नुसती बुडवून काढू का? हलक्या हातानं?"

कारभारींनी डाग आतल्या बाजूला घेतला, घडी घातली, झालर सगळ्यांत वर ठेवली आणि पेटीला कडी लावली.

"न धुताच?" प्रज्वल म्हणाला. "आई काय म्हणन?"

"रागावन," कारभारी म्हणाले, आणि पेटीच्या झाकणावर बसले.