बाबा बसले

शेवटचा स्क्रू काढून तिने बाबांच्या परसातल्या पेटीचं झाकण उचललं. आतल्या यंत्राला काहीही झालेलं नव्हतं. मग तिची नजर शेजारच्या मातीवर गेली. तिथे स्टुलाच्या पायांचे चार खळगे पडले होते.

"बाबा, इथे कोण बसतं?"

"मीच की. दुपारची सावली असते इथे."

तिला हसू आवरेना. या यंत्राच्या, रोज दुपारी पडद्यावर खाली झुकणाऱ्या एका रेषेने खाणीच्या कंट्रोल रूममधल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

बाबांनी जन्मभर जो कोळसा खणला, तो आता कुणी खणत नव्हतं. खोलवर, जागच्या जागीच जाळत होते. एका नळीतून हवा आत सोडायची, दुसरीतून वायू बाहेर काढायचा. ती आग कुणालाच दिसत नव्हती. तिचा माग काढायचा तो यंत्रांनीच: ताप मोजणाऱ्या तारा, दगडाचा कडकडाट टिपणारे कान, आणि बाबांच्या परसातलं हे कल मोजणारं यंत्र. आग वस्तीखाली सरकली, तर जमीन आधी इथेच झुकणार होती. मग हवा बंद करायची आणि बाबांच्या घरासकट सगळी रांग रिकामी करायची.

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"बसा आता."

ते बसले. रेष खाली आली.

"उठा."

रेष वर गेली. ते पुन्हा बसले, पुन्हा उठले, लहान मुलासारखे.

"माझ्या वजनाने जमीन वाकते?"

"वाकते. किलोमीटरभर लांब फळीच्या टोकाखाली कागद सरकवावा ना, तेवढीच. पण वाकते."

बाबांनी खाली वाकून मातीवर तळहात टेकला. बराच वेळ तो तसाच राहिला.

"अख्खा जन्म हिच्या पोटात गेला," ते म्हणाले. "मला वाटायचं, हिला आपला पत्ताच नसेल."

खरं तर स्टूल दुसरीकडे न्या, असं तिने सांगायला हवं होतं. पण तिची जीभ रेटली नाही.

तेव्हापासून कंट्रोल रूमला एक खेळच मिळाला. दुपारी रेष झुकली की ऑपरेटर हाक द्यायचा, "बसले गं तुझे बाबा!" चहाच्या सुमारास ती वर आली की, "उठले!" तिला ते आवडायचं. लग्नानंतर बाबांची रोज भेट होत नव्हती. आता निदान रेषेत तरी ते रोज दिसायचे.

त्या दिवशीही ऑपरेटर म्हणाला, "बसले." ती तापमानाचे आकडे तपासत होती, तिने नुसती मान हलवली. चहा आला, कप रिकामे झाले.

"आज उठायचं नाव नाही," ऑपरेटर म्हणाला. "डुलकी लागली वाटतं बाबांना."

"कुणाला डुलकी लागली?"

दारात बाबा उभे होते. हातात तिच्या चष्म्याची डबी होती.

"काल विसरलीस. म्हटलं, पाय मोकळे करत आणून द्यावी."

तिने वळून पडद्याकडे पाहिलं. रेष खालीच होती, आणि कसलीही घाई न करता आणखी खाली चालली होती.

"बाबा, स्टुलावर कोण बसलंय?"

"कोण बसणार? आत उचलून ठेवलंय मी."

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. भीती होतीच, पण निव्वळ भीती नव्हती. कधी कुणाला न दिसलेलं एवढं प्रचंड काहीतरी खाली कूस बदलत होतं, आणि हे सगळे त्याला बापाच्या नावाने हाक मारत हसत होते.

"हवा बंद करा," ती म्हणाली. "वस्तीचा भोंगा वाजवा. सगळ्यांना बाहेर काढा."

बाहेर भोंगा सुरू झाला. बाबा पडद्याजवळ आले आणि रेषेकडे पाहत राहिले.

"काय झालं गं?"

"जमीन बसतेय, बाबा."

ऑपरेटरने घाईघाईने आपली खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली.

"बसा, बाबा."

"नको," ते अगदी हळू म्हणाले. "तिला कळतं."