विकाऊ घराच्या खिडकीतली पाटी

मी एक जुनी पाटी आहे. तशी पाटी म्हणून मी जेमतेम वर्षभर काम केलं. त्याआधी चाळीसेक वर्षं मी एका कपाटाचं दार होते. मित्रांनो, माझी हकीकत सांगायची तर त्या कपाटापासून सुरुवात करायला हवी, कारण त्याच्याकडून एक खोटं काम करून घेतलं गेलं होतं.

माझे मालक वायरमन होते. तरुणपणी ते आणि त्यांची बायको एक घर बघायला आले, तेव्हा एजंटाने आमचं कपाट स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला मुद्दाम टेकवून ठेवलं होतं. मागे भिंतभर ओल होती. घर पसंत पडलं, कागद झाले, जुन्या मालकाशी त्यांची भेटही झाली नाही. राहायला आल्यावर त्यांनी कपाट सरकवलं आणि भिंतीचे पोपडे त्यांच्या पायांवर पडले. बायको म्हणाली, "घर घेतलंय की विहीर?" दोघंही हसली. पण ती भिंत कधी पुरती सुकली नाही, आणि दर हिवाळ्यात बायकोला खोकला लागायचा. तिच्या शेवटच्या हिवाळ्यातही तो होता. डॉक्टरांनी भिंतीचं नाव घेतलं नाही. मालकांनी मात्र घेतलं.

पुढे मालक एकटे राहिले, त्यांचे गुडघे गेले, वरच्या खोलीत चढणं बंद झालं. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांनी खाट टाकली. मग एक दिवस त्यांनी कपाट मोडलं, मला मधोमध कापलं, पॉलिश पेपरने घासून पांढरा रंग दिला आणि स्विचबोर्डावर खोल्यांची नावं लिहायचे तशा सरळ, नेटक्या अक्षरांत लिहिलं: घर विकणे आहे. मालकाशी थेट बोला. एजंट नकोत. मला खिडकीच्या गजांना तारेने बांधलं. तार इतकी घट्ट होती, की वारा सुटला तरी मी कधी वाजले नाही. येणारे-जाणारे थांबून अक्षराचं कौतुक करायचे. मला अभिमान वाटायचा.

घराचं मात्र काही जमत नव्हतं. त्याचं कारण मालकच होते. जिथे बिघाड आहे तिथे आधी हात घालायचा, ही त्यांची कामाची सवय. कुणी घर बघायला आलं की ते त्याला थेट मागच्या भिंतीपाशी नेत आणि तळहात टेकवायला लावत. मग जिन्याची हलणारी तिसरी पायरी, मग थंडीत फुगून अडकणारं न्हाणीघराचं दार. हवेशीर गच्ची सगळ्यात शेवटी, आणि तोवर बहुतेक माणसं चप्पल घालायला लागलेली असत. सगळं ऐकून घेईल त्यालाच घर द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

लेक पंधरवड्याने यायची. दुसऱ्या शहरात तिची नोकरी, तिचा संसार. ती एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, तुम्ही घर विकताय की घराची तक्रार नोंदवताय?"

"दोन्ही," मालक म्हणाले.

विकून कुठे जाणार, असं तिने विचारलं तेव्हा तळमजल्यावर एखादी लहान जागा बघतोय, असं त्यांनी सांगितलं. ती बरं म्हणाली, औषधं डब्यात लावून दिली आणि संध्याकाळच्या गाडीने गेली.

सहाव्या महिन्यात एक परिचारिका आली, सोबत तिची म्हातारी आई. म्हातारीला पायऱ्या झेपत नसल्यामुळे तिच्यासाठी खाली खोली हवी होती. मालकांनी नेहमीचा फेरा सुरू केला. म्हातारीने भिंतीला हात लावला, पायरी हलवून पाहिली, दार ओढून पाहिलं.

"इतके दोष माझ्यातपण नाहीत हो," ती म्हणाली.

"तुम्ही दाखवले नसतील," मालक म्हणाले.

त्या दोघी चार वेळा आल्या. चौथ्या वेळी मालकांनी शब्द दिला. परिचारिकेचं कर्ज मंजूर झालं की कागद करायचे ठरलं. निघताना म्हातारीने विचारलं, इतकं मायेचं घर सोडून तुम्ही कुठे जाणार? मालक माझ्या मागेच, खिडकीशी बसले होते. ते म्हणाले, "लेकीकडे. तिने खोली ठेवलीय माझ्यासाठी. सकाळचं ऊन येतं म्हणे."

मी ऐकलं. लेकीला सांगितलेलंही ऐकलं होतं आणि आता हेही. पण मित्रांनो, पाटीवर जेवढं लिहिलेलं असतं तेवढंच तिला बोलता येतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका सकाळी वर्तमानपत्र दाराबाहेर पडून राहिलं. दुपारी शेजाऱ्यांनी लेकीला फोन केला.

पुढचे दोन महिने खिडकी बंद होती. माझा रंग उन्हाने उडाला, एका बाजूची तार गंजून तुटली आणि मी तिरकी लोंबकळत राहिले. मग लेक एका एजंटाला घेऊन आली. तो चांगलं गिऱ्हाईक आणतो म्हणाला, फक्त मागच्या भिंतीला रंग मारून एखादं कपाट लावून टाका. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आमच्याकडे होतं एक." एजंटाला काही कळलं नाही. तो पुन्हा आला नाही.

त्याच आठवड्यात परिचारिका आणि तिची आई दारात उभ्या राहिल्या. कर्ज मंजूर झालं होतं. मालक गेल्याचं त्यांना शेजाऱ्यांकडून नुकतंच कळलं होतं. बाबांनी शब्द दिलाय हे लेकीला ठाऊक नव्हतं. तिने त्यांना आत घेतलं, आणि मग उलटंच घडलं. म्हातारी तिचा हात धरून मागच्या भिंतीपाशी गेली. ही ओल, ही पायरी, हे दार, थंडीत खालून जोर लावायचा, असं तुझे वडील सांगायचे, म्हणाली. घेणारी माणसं मालकिणीला घर दाखवत होती. लेक सगळं ऐकून घेत होती.

परत पुढच्या खोलीत आल्यावर म्हातारीने सहज विचारलं, "उन्हाची खोली ठेवली होतीस ना त्यांच्यासाठी? फार कौतुकाने सांगायचे. येणार म्हणून खूश होते."

लेक खाटेवर बसली. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

"खोली आहे," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं नाही मला."

मग म्हणाली, "मीपण विचारलं नाही."

परिचारिकेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. लेकीने वडिलांचा शब्द पाळला. महिनाभरात कागद झाले. किल्ल्या देण्याच्या दिवशी तिने माझी उरलेली तार सोडवली आणि मला वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीतून आपल्या घरी आणलं.

आता मी एका खोलीत भिंतीला टेकून आहे. खोलीत इस्त्रीचं टेबल आहे, मुलांच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा आहे. सकाळी नऊपर्यंत इथे खरंच ऊन येतं. कधी कधी लेक कपडे घ्यायला येते आणि त्या उन्हात उगाच उभी राहते.

मित्रांनो, माझा रंग उडाला याचं मला फार वाईट वाटत नाही. रंग पुन्हा देता येतो. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, की तुमच्या घरातलं कुणी एकटं राहत असेल, तर 'आमच्याकडे येता का' असं त्याला विचारा. तो बहुतेक नाही म्हणेल. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.