‘क-नाइ-फे’वाल्या मुलीचा फ्रीज

“बाई, जे अक्षर बोलायचंच नाही, ते लिहायचं तरी कशाला?”

मित्रांनो, आमच्या घरच्या मुलीने मैत्रिणींनी पैज लावली म्हणून हा प्रश्न भर वर्गात विचारला. इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, “आधी फळ्यावर ‘नाईफ’ लिहून दाखव.” ती सुरुवातीचा ‘के’ विसरली. वर्ग खो खो हसला. घरी येऊन तिने रागाने दार आपटलं. ते दार माझं होतं.

मी एक जुना फ्रीज आहे. कारखान्यातून आलो तेव्हा दुधासारखा पांढरा होतो. शेजारच्या काकू खास माझं गार पाणी प्यायला यायच्या. पुढे माझी मूठ तुटली, पायांना गंज चढला. आता बाबा येता-जाता म्हणतात, “काय घुरघुरतोय म्हातारा! याला भंगारात काढू.” घुरघुरणारच! काम करतोय मी, झोपलेलो नाही.

त्या दिवशी मुलीने लहानपणची चुंबकाची अक्षरं माझ्या दारावर थापली. गप्प बसणारी अक्षरं मुद्दाम वाकडी लावली आणि त्यांनाही खणखणीत हाक मारली. “क-नाइ-फे! वेद-नेस-डे! इस-लँड!”

भाजी चिरणारी आई दचकली. “अगं, बोट कापलं असतं ना माझं!”

“कशाने गं, आई?”

“क-नाइ-फेने!” आणि आईच हसत सुटली.

बाबा मात्र वैतागले. “अगं भोंग्या, उच्चार बिघडतील तुझे! पाहुण्यांसमोर असं बोललीस म्हणजे?”

“बोलताना नीटच बोलेन, बाबा. लिहिताना भोंगा मनात वाजवीन.”

आणि तो वाजला! पुढच्या श्रुतलेखनात तिचा एकही शब्द चुकला नाही. बाईंनी स्वतःहून स्पेलिंगच्या स्पर्धेत तिचं नाव घातलं.

त्याच आठवड्यात नवा फ्रीज घरात आला. चकचकीत, काचेच्या दाराचा. मुलीने त्याच्यावर एक अक्षर लावून पाहिलं. ते टपकन खाली पडलं. तिकडे मला न्यायला भंगारवाला येऊन उभा!

मित्रांनो, जुना झाला म्हणजे संपला, हे तुम्हाला सांगितलं कोणी? माझा गंज घासा, मला पुसा, मग बोला! बर्फ जमत नसेल तर दुसरं काही जमेल. एखाद्याला घराबाहेर काढण्याआधी एवढं तरी बघाल की नाही?

मी दोरीने बांधला जाणार, इतक्यात मुलगी हात पसरून माझ्यापुढे उभी राहिली.

“हा कुठेही जाणार नाही. आजपासून हा माझ्या खोलीतलं कपाट. पुस्तकं आत, अक्षरं बाहेर. स्पर्धेची तयारी मी याच्यावरच करणार, आणि तीही मोठ्याने! आई, तू तिकडून धर. बाबा, तुम्ही इकडून. माझं ठरलंय.”