रेशमाची नस

गावभर त्याला 'मेणवाले' म्हणत आणि त्यालाही ते आवडे. तो मेणाची माणसं घडवायचा. जत्रेत मांडायची नव्हे, वैद्यकशाळेत शिकवायला वापरायची: पोट उघडलेली, हात सोललेली, आतली एकेक शीर रंगवलेली. एक काळ असा होता की पंडित उंच खुर्चीवर बसून जुनी पोथी वाचायचे आणि खाली कुणीतरी प्रेत कापायचं. पोथीत एक आणि पोटात दुसरंच निघालं, तर चूक पोटाची. उंटावरून शेळ्या हाकायचा तो धंदा कधीतरी संपला, लोक स्वतः वाकून पाहू लागले, पण प्रेत काही पोथीसारखं टिकत नाही. थंडीतसुद्धा दोन-चार दिवसांत खोलीत उभं राहवत नाही. म्हणून मेण. मेणाला वास येत नाही आणि ते कितीही वेळा पाहता येतं.

साचे आणि मेण त्याचं, शिरा बायकोच्या. रेशमाचे दोरे रंगीत मेणात बुडवून ती प्रेतातली शीर बघून तशीच मूर्तीत बसवायची, लाल रोहिणी, निळी नीला. तिच्या हाताला घाई माहीत नव्हती. तो मात्र फार टापटिपीचा, वेडंवाकडं काही दिसलं की त्याची जीभ आणि चाकू दोन्ही चालायचे.

आज त्यांच्याच कामाच्या टेबलावर ती स्वतः निजली होती, कारण घरात एवढा उजेड दुसरीकडे कुठे नव्हता. जांघेत लिंबाएवढी गाठ आली होती, दाबून आत जाईना. परवापासून पोटात घोटभर पाणी ठरत नव्हतं. तरुण सर्जनने गाठ चाचपली आणि मेणवाल्याला खिडकीपाशी नेलं.

"आतडं जांघेच्या फटीत अडकलंय. फट मोकळी केली नाही तर आतडं सडेल, आणि मग माझ्या हातात काही नाही."

"आणि मोकळी केली तर?"

"तर जगतात. बरेच जण."

'बरेच' या शब्दाने मेणवाल्याची पाचावर धारण बसली. गुंगी आणणारं औषध तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं. दारूचा पेला, दातांत धरायला चामड्याची पट्टी आणि घट्ट धरणारी माणसं, एवढीच सोय. पाय धरायला थोरली मेहुणी आली होती. "भावोजी, तुम्ही खांदे धरा, आणि चक्कर आली तर त्या बाजूला पडा," तिने बजावलं. ही बाई स्मशानातही हुकूम सोडेल, असं तो एरवी म्हणायचा. आज तिचा आवाज ऐकून त्याला धीर आला.

सर्जनने फळीवरची जांघेची मूर्ती उतरवून टेबलाशेजारी ठेवली. शिकताना त्याने अशाच मूर्तीवर बोट फिरवलं होतं. तो पाहत राहिला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"इथे, फटीच्या आतल्या काठावर, एक बारीक रोहिणी वळून जाते. शाळेतल्या मूर्तीत आहे ती. ह्या मूर्तीत नाही."

"ती नस नाही हो," मेणवाला म्हणाला. "मेणाचा ओघळ होता. पहिल्या मूर्तीत राहून गेला. पुढच्या सगळ्यांतून मी खरवडून टाकला."

"आमचे गुरुजीही तेच म्हणायचे, ओघळ आहे, लक्ष देऊ नका. मी गुपचूप नखाने थोडं उकरून पाहिलं होतं." सर्जन त्याच्याकडे वळला. "आत रेशीम निघालं. ओघळात रेशीम नसतं."

टेबलावरून बारीक आवाज आला. बायकोने तोंडातली पट्टी काढली होती.

"तो दोरा मीच घातला. ती मूर्ती जिच्यावरून केली त्या बाईला होती ती नस. इतरांत दिसली नाही म्हणून खोटी कशी?" ती धापा टाकत थांबली. "तेव्हा सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, वेडंवाकडं दिसतंय."

म्हणाला होता. अगदी ह्याच शब्दांत.

"फट नेहमी आतल्या बाजूला कापतात," सर्जन सावकाश बोलला, जणू स्वतःलाच समजावत होता. "एकच काप, आणि तोही न बघता, बोटाच्या अंदाजाने. यांनाही ती नस असेल तर त्याच कापात तुटेल आणि रक्त आतल्या आत जाईल. मला दिसणारही नाही." त्याने पट्टी पुन्हा तिच्या दातांत दिली. "धरा."

त्यापुढचं मेणवाल्याला सलग कधीच आठवलं नाही. आयुष्यभर त्याने माणसं उघडी पाहिली होती, पण त्यांतलं एकही त्याच्या हातांखाली कण्हलं नव्हतं. मेहुणी मोठ्याने शिव्या देत होती. आजाराला, चाकूला, भावोजींना, कुणाला ते तिलाही ठाऊक नसावं. सर्जनचं बोट जखमेत गेलं आणि थांबलं.

"उडतेय," तो म्हणाला. "इथेच आहे. बोटाखाली उडतेय."

त्याने चाकू बाजूला वळवला आणि एका मोठ्या कापाऐवजी वरच्या अंगाला इवले इवले चिरे दिले. प्रत्येक चिऱ्याआधी बोटाने नाडी शोधायची, मग पातं. आतडं काळपट दिसत होतं. तो वाट पाहत राहिला, सगळेच राहिले. हळूहळू त्यावर लाली चढली, तसं त्याने ते आत सरकवलं. मेणवाल्याचा जीव भांड्यात पडला आणि मग तो खरोखरच पडला, मेहुणीने सांगितलेल्या बाजूला.

बायको उठून बसायला लागली त्या दुपारी सर्जन जखम बघायला आला. मेणवाल्याने त्याचे दोन्ही हात धरले.

"माझे कसले आभार," सर्जन संकोचून म्हणाला. "नस यांनी जपली. आणि यांना दाखवली त्या बाईने."

तो गेल्यावर मेणवाला बायकोजवळ बसला. "ती बाई कोण होती गं?"

"बेवारस म्हणून आणली होती. धुणी धूत असावी. बोटांना पाण्याच्या भेगा होत्या, टाचांनाही. मी रोज काम संपल्यावर तिच्या तोंडावर धुतलेलं फडकं घालायची. तुम्ही कधी पाहिलं नाहीत?"

नव्हतं पाहिलं. त्याने जांघ पाहिली होती. तो तिला 'नमुना' म्हणायचा, चांगला निघालेला नमुना. जिने आयुष्यभर परक्यांचे कपडे धुतले, तिच्या एका वाकड्या नसेमुळे आज त्याची बायको उशीला टेकून पेज पीत होती, आणि त्या बाईचे आभार मानायला जगात ठिकाण नव्हतं. त्याला रडू आलं. ते त्याने लपवलं नाही.

"मी गेले की मला शाळेत द्या," बायको पेल्यातून तोंड वर न काढता म्हणाली.

"काहीतरीच."

"काहीतरीच काय? माझ्यातही आहे ती नस. आता ठाऊक झालंय."

"लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत."

मेहुणीने दारातून दोघांनाही वेड्यात काढलं. नवरा-बायको हसले. "हसवू नका," बायको पोट धरून म्हणाली, "टाके ओढतात."

ती चालू-फिरू लागल्यावर दोघं वैद्यकशाळेत गेली. मेल्यावर दोघांचेही देह शाळेला द्यायचे, असं मेणवाल्याने सांगितलं, तेव्हा सर्जन चाट पडला.

"आपल्या पायांनी इथे अजून कुणीच आलेलं नाही," तो म्हणाला.

"ती बाईही आली नव्हती," मेणवाला म्हणाला. "तिला कुणी विचारलंच नाही, आणि तरी तिने माझं घर राखलं. आम्हाला पूर्वी कुणी विचारायला आलं असतं, तर आम्ही नाहीच म्हटलं असतं. म्हणून आता कुणी न विचारताच आलोय."