वाळूतला गणपती

पूजा झाल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नाही. त्यामुळे सोनियानं खेळण्यातला गणपती वाळूच्या पेटीत पुरला, तेव्हा माझा हात आपोआप पुढे गेला. मी त्याला वर काढलं, पदरानं पुसलं, कपाळाला लावलं. सहा वर्षांची ती पोर भिंतीकडे तोंड करून बसली. उरलेला वेळ तशीच.

खेळातून मुलांवर उपचार करायचं मी शिकत होते. शहरातल्या छावणी भागातल्या आमच्या केंद्रात घरच्यांच्या लेखी संमतीनं सत्राचं चित्रण होतं आणि मार्गदर्शक सुलेखाताई ते बघतात. त्यांनी नेमकं तिथंच थांबवलं.

"मेघाताई, हा देव कोणाचा?"

"देव तर... सगळ्यांचा."

"त्या खोलीत तो सोनियाचा होता. हात आवरत नसेल, तर सांगा. पोर दुसऱ्या कोणाकडे देते."

सोनियाचे वडील अपघातात गेले, त्याला चार महिने झाले होते. तेव्हापासून ती बोलली नव्हती. आजी, पारूबाई, दर सोमवारी करमाडहून तिला घेऊन यायच्या. "खेळायला करमाडात माती काय कमी व्हती?" असं पुटपुटत, पण न चुकता. दुसऱ्या कोणाकडे दिली असती तर पोरीला पुन्हा नवं माणूस.

पुढच्या सोमवारी तिनं गणपती उचलला. माझ्याकडे बघत बघत पुरला. मी दोन्ही हात मांडीत घट्ट धरून ठेवले.

"त्याला नाय ऐकू येत," ती म्हणाली.

मुलाचं म्हणणं तसंच त्याला परत द्यायचं, समजूत घालायची नाही, हा आमचा नियम. सकाळी ज्या जिभेनं त्याचं नाव घेतलं होतं, त्याच जिभेनं मी म्हटलं, "त्याला ऐकू येत नाही."

"लई हाका मारल्या."

"लई हाका मारल्यास तू."

"तू बी टाक माती."

मी टाकली. मूठभर. इतकी शांतता मी गाभाऱ्यातही अनुभवली नव्हती. सोनिया जवळ सरकली. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला.

बाहेर पारूबाई उठून उभ्या राहिल्या. "काय केलं वो बाई आज?"

"बोलली, आजी. काय ते मात्र तिचं आहे, मला सांगता यायचं नाही."

"बोलली? व्हय?" त्या पायरीवर मटकन बसल्या. "मंग नका सांगू. बास झालं."

संध्याकाळी देवापुढे बसले, तर नखांत वाळू. धुवायला उठले, आणि पुन्हा बसले.

तशाच हातांनी दिवा लावला.