तळहातावरचा राग

मल्लिनाथाचं डोकं तापायला फार काही लागत नसे. लातुरात भांड्यांचं दुकान. तिथं गिऱ्हाइकाशी जिभेवर साखर, घरी मात्र तोंडाचा पट्टा. मागच्या आठवड्यात भाजी खारट झाली म्हणून त्यानं ताट भिरकावलं, आणि बायको अंजू रेणापूरला माहेरी निघून गेली. "न्यायला या. पण आवाज चढला तर मी येणार न्हाई," एवढंच ती फोनवर म्हणाली.

आज तो आला होता, ओरडायचं नाही असं घोकत. पण सासरे गुरुपादप्पांनी चहा देता देता विचारलं, "जावईबापू, ताटानं काय घोडं मारलं हुतं तुमचं?" झालं! मल्लिनाथाची कानशिलं तापली.

"मामा, पूजा ऱ्हायलीय माझी," म्हणत तो उठला. हातपाय धुतले, विभूती लावली, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन बसला. पूजेतल्या माणसाशी कोणी बोलत नाही आणि त्यालाही उत्तर द्यावं लागत नाही. ही त्याची जुनी पळवाट. लोक म्हणत, काय भक्ती! नजर लिंगावर, मनात मात्र शिव्यांचा रतीब. म्हाताऱ्याला नसत्या चौकशा कशाला? अन् ही बया, माहेरी माझी अब्रू काढते! मोबाइलवरचा एक शहाणा सांगतो, श्वास मोजा. मोजून मोजून डोकं उठलं, राग जिथल्या तिथं.

अंजू समोर येऊन बसली. "तुमचं वरडणं परवडलं. पन ही पूजा न्हाई सोसत. निस्तं दार लावून घेता तुम्ही."

पूजेत बोलते! तो खेकसणारच होता, पण तळहात थरथरताना दिसला. रागानंच, त्याला वाटलं. मग जरा थांबून पाहिलं. रागाच्या खाली भलतंच काहीतरी बसलं होतं.

पूजेत बोलू नये. तो बोलला.

"अंजू, मला भ्या वाटायलंय. तू येतीस का न्हाई म्हणून."

अंजू जरा पुढं सरकली.

"लग्नापासून पहिल्यांदा खरं बोललात. पन आज मी येत न्हाई. उद्या या, अन् हेच पुन्हा सांगा."

उद्या? अन् दुकान कोण उघडणार, तुझा बाप? राग सरसरून वर आला. या वेळी मात्र मल्लिनाथाला तो येताना दिसला. त्यानं दात आवळले.

"येतो," म्हणाला.