न्यायमूर्तींचं पेन आणि बानूचा पाट

मी फाउंटन पेन बोलतोय. साधासुधा समजू नका हं, मनिलाच्या सर्वोच्च न्यायालयात निकाल लिहिलेत मी!

माझे मालक न्यायमूर्ती सालुदो. कोळ्याचा मुलगा, गावच्या कोर्टात कारकून म्हणून लागला आणि पार वरपर्यंत चढला. त्या काळी तिथं राज्य अमेरिकेचं, कायदा निम्मा स्पेनचा आणि साक्षीदार बोलणार आपापल्या बोलीत. नुसता घोळ! एकदा आरोपीच्या जबानीत दुभाष्यानं ‘मारलं’चं ‘मारून टाकलं’ केलं आणि खालच्या कोर्टानं एका गरिबाला फाशी सुनावली. साहेबांनी मूळ शब्द खोदून विचारला. फाशी मी रद्द केली. म्हणजे त्यांनीच, पण शाई माझी.

निवृत्तीनंतर ते बोटीनं प्रवासाला निघाले. रत्नागिरीचा महबूब त्यांची केबिन सांभाळायचा. त्याला हा किस्सा सांगून, उतरताना साहेबांनी मला त्याच्या खिशाला लावलं.

महबूब पुढं कुवेतला एका दुकानात कारकून झाला. पंचावन्न सालची गोष्ट. तिथल्या कोकणी माणसांची पत्रं आम्हीच लिहायचो.

एका जुम्म्याला त्यांच्यातलाच हुसेन आला, डोळे लाल. गावच्या मास्तरांनी लिहिलेलं पत्र त्यानं समोर आपटलं. ‘बानूनं पाट लावला. सारी खूश आहेत.’

“ऐकलंत मामू? मी इथं उन्हात मरतोय आणि माझी बायको दुसरा घरोबा करते! तलाक लिहा.”

महबूबनं माझं टोपण उघडलं. बिचाऱ्या बानूचा संसार माझ्याच हातून मोडणार होता!

“बानूला विचारलंस?” महबूब म्हणाला.

“विचारायचंय काय? पांढऱ्यावर काळं केलंय की!”

“ते मास्तरांनी. तिचा शब्द कुठाय?”

मग तलाकाऐवजी मी एकच प्रश्न लिहिला: पाट कुणाशी लावलास?

सव्वा महिना हुसेनला अन्न गोड लागलं नाही. मग उत्तर आलं, बानूनं शब्दन्‌शब्द सांगून लिहून घेतलेलं.

‘नारळींशी! चार महिने खपून पाट खणला, वहाळाचं पाणी वाडीत आणलं. माणसाशी लावायचा असता तर तुम्हाला दावत धाडली नसती का?’

हुसेन हसता हसता रडायला लागला. त्याच्या उतावळेपणाची अशी खोड मोडली!

बासष्ट साली बानू कुवेतला आली. आल्या आल्या तिनं महबूबपुढं हात केला, “ते पेन द्या मामू. यापुढं माझं मी लिहीन.”

आता बॉलपेनांचे दिवस आलेत. माझी निब वाकलीय, शाई गळते. बानू अजून ‘क’ उलटा काढते. जरा सांभाळून घ्या आम्हाला. तिला अजून पुष्कळ सांगायचंय.